आजीची तीन लुगडी आणि पाच घरं : गोधडी शिवायची कशी, वाटायची कशी

लालबागच्या आमच्या चाळीत दर दोन-तीन महिन्यांनी बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची टोपली, काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं. जिन्यातूनच तिची हाक यायची. आईने पाच सुती साड्या देऊन तिच्याकडून घेतलेली एक कढई अजून माझ्या भांडुपच्या घरात आहे. बूड जरा डुगडुगतं, पण कांदाभजी छान होतात. त्या पाच साड्यांतली एक मोरपंखी होती, हे मला कढई घासताना दर वेळी आठवतं.

म्हणून आजी गेली आणि तिच्या ट्रंकेत तीन सुती लुगडी निघाली, तेव्हा मी ती ताबडतोब ताब्यात घेतली. एक हिरवं, एक जांभळं, एक चॉकलेटी रेघांचं. घरं मात्र पाच : बाबा, काका, दोन आत्या आणि सुरतेला असणारा चुलतभाऊ. पाचही घरांना लुगडं हवं होतं आणि पाचांनाही हिरवंच. त्या तीन लुगड्यांच्या पाच गोधड्या मी कशा केल्या, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्यांदाच सुई धरणाऱ्याने हे सगळं एकदम करू नये. त्याच्यासाठी सोपी वाट आहे, ती मधे येईल.

शब्दाचं आधी सांगते. आमची माणसं साताऱ्याकडची, त्यामुळे घरात ‘वाकळ’ म्हणतात. मुंबईत सगळे गोधडी म्हणतात. चार पदरी ती चौघडी, बाळाचं ते दुपटं. कापसाची रजई वेगळी. तिच्यात पिंजलेला कापूस असतो. गोधडीत फक्त कापडावर कापड असतं आणि सगळे थर धावदोऱ्याने, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या सरळ टाक्यांनी, एकमेकांना धरून ठेवलेले असतात.

आधी वही, मग कात्री

कापड एकदा कापलं की वाटणीचं भांडण मिटत नाही, म्हणून वाटणी कागदावर आधी करा. मीही पहिल्यांदा चूक करणारच होते. लुगड्याचे लांब तुकडे पाडून एकेकाला देणार होते. मग हिरवं कोणाला? आत्या म्हणाली, “चौकोन पाड गं. सगळ्यांच्या वाकळेत तिन्ही रंग येऊ देत.” मी तेच केलं.

हिशेब असा. नऊवारी म्हणजे नऊ वार, वाराला ३६ इंच, म्हणजे ३२४ इंच लांबी. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, मी ४५ इंच धरला. तुमचा आधी मोजून घ्या, जुन्या लुगड्यांचा कमीजास्त असतो. ९ इंचाचे चौकोन पाडले तर आडवे ५ आणि उभे ३६, म्हणजे एका लुगड्याचे १८० आणि तिन्ही लुगड्यांचे ५४०. चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की चौकोन ८ इंचांचा उरतो. एका माणसाच्या गोधडीला आडवे ७ आणि उभे ११ लावले की ५६ बाय ८८ इंच होतात. एका गोधडीला ७७ चौकोन, पाच गोधड्यांना ३८५. उरले १५५. ते उरलेले कुठे जातात, हे लुगडं उजेडात धरल्यावर कळतं : बसून-बसून विरलेला भाग, कासोट्याजवळचा घासलेला भाग, चुलीच्या ठिणगीची भोकं. माझे शंभरेक चौकोन असेच गेले.

पदराचं काय करायचं, हा नाजूक प्रश्न. आम्ही प्रत्येक पदराचे चौकोन मोजून पाच वाटे केले आणि ते प्रत्येक गोधडीत छातीशी येतील अशा ओळीत लावले. पायाशी पदर नको, हे आत्याने बजावलं होतं.

आणखी एक. काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे अंगावर घेणं चालत नाही. धाकट्या काकूंच्या माहेरी तसंच आहे. आधी विचारा, आग्रह करू नका. त्यांच्यासाठी मी त्याच मापाची बसायची पट्टी केली. ती त्यांनी घेतली.

गोधडीचा वरचा थर आजीचा आणि खालचे दोन थर ज्याच्या त्याच्या घरचे, असं ठरवलं. सगळ्यांनी आपापल्या जुन्या सुती साड्या, चादरी, धोतरं पाठवली. बाबांच्या गोधडीत आजोबांनी गिरणीतून आणलेलं पॉपलीनचं कटपीस गेलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्याच्या आधीचं. चाळीस वर्षं ते गाठोड्यात होतं, तरी ताण दिला तर फाटेना.

सोपी वाट : दोन साड्या, तीन थर

चौकोन जोडायचा कंटाळा असेल तर हे करा. सहावारी साडी २१६ इंच. तिच्यातून ९० इंचांचे दोन तुकडे निघतात आणि ३६ इंच उरतात. दोन साड्यांचे मिळून ९० इंचांचे चार तुकडे. तीन तसेच ठेवा. चौथा उभा चिरून १५-१५ इंचांच्या तीन पट्ट्या करा आणि प्रत्येक तुकड्याला एकेक जोडा. झाले ५९ इंच रुंद आणि ९० इंच लांब असे तीन थर. जोड एकमेकांवर येऊ देऊ नका. एका थराचा जोड डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे ठेवा, नाहीतर तिथे दोरीसारखा उंचवटा येतो आणि पाठीला टोचतो. दोन्ही साड्यांचे उरलेले ३६ इंचांचे तुकडे एकमेकांवर ठेवले की बाळाचं दोन पदरी दुपटं. कापड एक वीतही वाया जात नाही.

मुंबईत तीनच थर का? गावाकडे सात-आठ थरांच्या वाकळा असतात, कारण तिथे थंडी तशी असते. आपल्याकडे जानेवारीत चार रात्री पंखा बंद होतो, तेवढीच थंडी. शिवाय सात थरांची गोधडी भिजली की दोघांनाही उचलत नाही आणि खिडकीच्या ग्रिलवर ती वाळतही नाही.

कापडाची परीक्षा

सुतीच घ्या. विक्रेता किंवा वहिनी सांगते म्हणून सुती मानू नका. कडेचा एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळतं, टोकाला कडक मणी राहतो. पॉलिस्टर आत गेलं की गोधडी घाम शोषत नाही. सुताबरोबर ते आटतही नाही, मग दोन धुण्यांत झोळ पडतो.

इरकल साडीचा एक पेच आहे. अंग सुती असतं, काठ आणि पदर रेशमी किंवा नकली रेशमाचे. हा पदर गोधडीत घालायची फार इच्छा होते. घाला, पण मागे मलमलचं अस्तर लावून, आणि गोधडी हातानेच धुणार असाल तरच.

मग ताकद बघा. कापड खिडकीशी धरा; जिथे जाळीसारखा उजेड येतो ते टाका. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ताणा. चर्र आवाज आला की टाका. विरलेलं कापड आतल्या थरात चालेल असं पुष्कळजण म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. आत ते फाटतं, गोळा होतं आणि बाहेरून ठिगळ लावता येत नाही.

साडीचा फॉल उसवा, पण फेकू नका. सुती फॉल साधारण पाच इंच रुंद असतो आणि धुऊन-धुऊन आटलेला असतो. त्याचा कड लावायला काय उपयोग होतो ते पुढे सांगते. पिकोची शिवण कापून टाका.

रंग तपासा. कापडाचा कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. रुमालावर डाग आला तर ते कापड वेगळं धुवा, तीनदा-चारदा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, हा आपल्या घरोघरचा समज. आजच्या कापडावर मिठाचा भरवसा नाही. माझ्या पहिल्या गोधडीत मी एक लाल ब्लाऊजपीस मीठ-पाण्यातून काढून बिनधास्त लावलं. पहिल्या धुण्यात बाबांचं पांढरं धोतर ठिकठिकाणी गुलाबी झालं. आई म्हणाली, “होळीची गोधडी केलीस.” आता लाल कापडाचा रंग चौथ्या पाण्यालाही गेला नाही, तर ते मी सरळ बाजूला ठेवते.

आणि नवं कापड आणलं असेल तर कापायच्या आधी एकदा गरम पाण्यात भिजवून वाळवा. नवं सुती आटतं, जुनं आटून बसलेलं असतं. दोघांची जोडी जमायची तर नव्याला आधीच आटवावं लागतं. अस्तराला मांजरपाट किंवा मलमल हवी असेल तर क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या मंगळदास मार्केटात बघा, रविवार सोडून. दादरच्या हिंदमाताजवळही मिळते. लेस, बटणं असलं काही लावायचं असेल तर भुलेश्वर. मी लावत नाही. रात्री गालाला टोचतं.

चौकोन पाडणं आणि जोडणं

पुठ्ठ्याचा ९ बाय ९ चा साचा करा. कॅलेंडरचा जाड पुठ्ठा चालतो, पण दर शंभर चौकोनांनंतर त्याच्या कडा झिजतात आणि चौकोन हळूहळू मोठे होत जातात. तेव्हा दोन साचे करा, एक मूळ म्हणून जपून ठेवा. खडूने आखा, पेनाने नको. कापडाचा उभा धागा सगळ्या चौकोनांत एकाच दिशेला ठेवा. आडवा धागा जास्त ताणला जातो.

सात चौकोन जोडून एक ओळ. अशा अकरा ओळी. घरी शिलाई मशीन असेल तर इथे ते वापरा, हातशिलाईचा मोठेपणा इथे मिरवण्यात अर्थ नाही. मशीन नसेल तर खालच्या आल्टरवाल्याकडून टीप मारून घ्या. मात्र दोरा आपला द्या, सुती. प्रत्येक ओळीच्या शिवणी एका बाजूला इस्त्रीने पाडा : पहिल्या ओळीच्या डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या परत डावीकडे. दोन ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकतात, चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात आणि चार थर एकाच जागी जमत नाहीत. एवढी एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर माझी पहिली गोधडी वाकडीतिकडी झाली नसती.

रंग मांडायचे कसे? जमिनीवर सगळे ७७ चौकोन पसरा, स्टुलावर चढा आणि डोळे बारीक करून बघा. जिथे एका रंगाचं डबकं दिसतं तिथले चौकोन बदला. मग मोबाईलवर फोटो काढा आणि ओळीने उचलून, प्रत्येक गठ्ठ्याला टाचणीने क्रमांकाची चिठ्ठी लावा. आमच्या घरात हे काम पंखा बंद करून करावं लागतं. पहिल्या दिवशी मुलाने कॉलेजातून येऊन बटण दाबलं आणि अर्ध्या तासाची मांडणी कॉटखाली गेली.

अंथरणं

ही पायरी लोक उरकतात आणि पुढे सगळी गोधडी त्याचे भोग भोगते. ५६ बाय ८८ इंचांहून थोडी मोठी सपाट जमीन लागते. दहा बाय दहाच्या खोलीत टीपॉय बाहेर काढला की भागतं. इमारतीच्या गच्चीवर करायचं असेल तर सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून.

सगळे थर इस्त्री केलेले हवेत. खालचा थर उलटी बाजू वर करून अंथरा, ताणून चारही कोपऱ्यांवर जड डबे ठेवा. त्यावर मधला. त्यावर आजीचे चौकोन, सुलटी बाजू वर. प्रत्येक थर टाकल्यावर हाताच्या तळव्याने मधून कडेकडे सुरकुत्या काढा. खालचे दोन थर वरच्यापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठे ठेवा. शिवताना ते आत ओढले जातात.

आता कच्चा दोरा, म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवणारे टाके. पांढरा साधा दोरा, तीन-चार इंचांचे लांब टाके, आधी मधोमध उभा, मग मधोमध आडवा, मग कोपऱ्यांकडे, आणि नंतर दर सहा इंचांवर एकेक ओळ. गाठी मारू नका, शेवटी हे सगळं काढायचं आहे. ‘टाचण्या लावल्या की पुरे’ असं वाटतं. पण लोकलमध्ये शिवायला घेतलं की दहा मिनिटांत निम्म्या टाचण्या डब्यात पडलेल्या असतात आणि शेजारची बाई हातातली पर्स उचलून लांब सरकते.

हो, लोकलमध्ये चौकोन शिवता येतात, गोधडी नाही. दुपटं मात्र येतं.

धावदोरा

जाड, लांब, मोठ्या नेढ्याची सुई. तीन थरांना दाभण लागत नाही. दोरा जाड सुती. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरं, पण तो जुन्या मऊ कापडाला करकचून कापत जातो. दोरा एका वेळी दीड हातच घ्या. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि आत्या म्हणते तसं, आळशाला लांब दोरा. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की तो पिळत नाही. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. नसेल तर जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा बोटाला बांधा. उघड्या बोटाने दोन दिवस होतात, तिसऱ्या दिवशी भात कालवताना झोंबतं.

सुरुवात दोन तऱ्हांनी होते. आत्याची जुनी पद्धत : एका कोपऱ्यातून सुरू करायचं, कडेने सबंध फेरा, मग त्याच्या आतला फेरा, असं चौकोनात चौकोन करत मधे यायचं. कुठली चौकट लागत नाही, गोधडीचं स्वतःचं वजनच कापड धरून ठेवतं आणि चार बायका चार बाजूंना बसू शकतात. पण कच्चा दोरा कच्चाच राहिला असेल तर सगळी चुणी मधे येऊन जमते, आणि मधे आल्यावर तिला जायला जागा नसते. दुसरी पद्धत : मधली उभी ओळ आधी, मग तिच्या दोन्ही बाजूंना एकेक, कडेकडे सरकत. नवख्याने हीच घ्यावी. मी अजूनही हीच घेते, आत्या नसताना.

आता एक ओळ जवळून बघू. दोऱ्याच्या टोकाला बारीक गाठ. सुई वरच्या थरातून, ओळीच्या सुरुवातीपासून इंचभर लांब आत घाला, खालच्या थरातून बाहेर येऊ न देता ओळीच्या तोंडाशी वर काढा. दोरा हलकेच ओढा. ‘टक्’ असं बोटाला जाणवतं, गाठ वरचं कापड भेदून आत बसली. आता डावा हात गोधडीखाली. सुई तिरपी नको, जवळजवळ उभी खाली घाला; खालच्या बोटाच्या पेराला टोक लागलं की लगेच वर वळवा. लागलं नाही तर खालचा थर सुटला असं समजा. सुईवर तीन-चार टाके जमले की मग अंगुस्तानाने ढकला आणि दोरा ओढा. ओढताना कापड गोळा झालं तर जास्त ओढलं. बोटाने ओळ सरळ करा. टाका आंबेमोहोराच्या दाण्याहून मोठा नको, इंचात तीन ते चार. एकसारखे असणं महत्त्वाचं, बारीक असणं नाही. आत्याचे टाके आंबेमोहोर, माझे बासमती. आमच्या गोधडीत कुठली ओळ कोणाची, ते अंधारात हात फिरवूनही सांगता येतं.

दोन ओळींत एक इंच. ५६ इंच रुंदीत ५५ ओळी, प्रत्येक ८८ इंचांची, म्हणजे सुमारे १२३ मीटर शिवण. दोरा वर-खाली जातो, शेवटी टोकं वाया जातात, म्हणून दीडशे मीटर आणून ठेवा, एकदमच, कारण त्याच रंगाचा दोरा दुसऱ्या खेपेला जुळत नाही. मला एका ओळीला वीस मिनिटं लागतात. पंचावन्न ओळींचे अठरा तास. रोज एक तास बसले तर तीन आठवड्यांत होते. प्रत्यक्षात मला दोन महिने लागले. मधे दिवाळीचा फराळ होता, आणि एका रात्री मी सहा ओळी एकदमच चटईला शिवून टाकल्या होत्या. त्या उसवण्यात दोन रात्री गेल्या. तेव्हापासून गोधडीखाली पोळपाट ठेवून शिवते. सुई लाकडाला लागली की थांबते, आणि पोळपाट सरकवत पुढे जायचं.

मशीनवर सबंध गोधडी शिवता येते का? येते. पण साध्या मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो आणि खालचे दाते खालचा थर ओढतात, म्हणून ओळीच्या शेवटी चुणी पडते. करायचंच तर कच्चा दोरा चार इंचांवर घाला, टाका मोठा ठेवा आणि ओळी तीन-तीन इंचांवर मारा. टिकेल. हातशिलाईचा मऊपणा मात्र येणार नाही.

कड

कच्चा दोरा अजून काढू नका. आधी चारही बाजू सरळ आखून जास्तीचं कापड कापा. आता तो फॉल. पाच इंचांचा फॉल उभा मधोमध चिरला की अडीच इंचांच्या दोन पट्ट्या मिळतात. एक फॉल साधारण शंभर इंच. गोधडीचा घेर २८८ इंच, म्हणजे दोन फॉलांच्या चार पट्ट्या पुरून उरतात. पट्ट्यांचे जोड तिरपे करा. पट्टी उभी दुमडून इस्त्री करा, तिच्या उघड्या कडा गोधडीच्या वरच्या बाजूच्या कडेशी जुळवून टीप मारा, मग घडी मागे वळवून हाताने तुरपाई करा. कोपऱ्यावर टीप अर्धा इंच आधी थांबवा, पट्टी वर दुमडून परत खाली आणा, मग पुढची बाजू. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. मानेशी येणारी कड सगळ्यात आधी मळते आणि विरते. तिथे दुहेरी पट्टी लावली तर बरं.

आता कच्चा दोरा ओढून काढा. हे काम लहान मुलांना द्या, त्यांना भारी आवडतं.

बाळाचं दुपटं

आमच्याकडे नव्या बाळाला पहिल्या दिवसांत नवं कोरं कापड घालत नाहीत, जुनं मऊ घालतात. दुपट्याचं शहाणपण तेच. दोन थर, फार तर तीन. ३६ बाय ४० इंच पुरतं. काही गोष्टी मात्र काटेकोर पाळा. जर, टिकली, बटण, गोंडा काही नको. टाका बारीक हवा, कारण लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं आणि दोरा करकचतो. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेलं कापड असेल तर दोन-तीनदा धुऊन, कडक उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो आणि त्या गोळ्यांच्या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते. आणि दुपटं बाळाच्या खाली, मांडीवर, बाहेर नेताना गुंडाळायला. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण घालू नका, नाकातोंडावर येतं. हे बारशाला जमलेल्या आज्यांना पटत नाही. डॉक्टरांचं नाव पुढे करा.

द्यायची कधी, धुवायची कशी

गावाकडे घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुतात, काठावरच्या खडकांवर वाळत घालतात. भांडुपला नदी नाही, पण वेळ तीच बरोबर आहे. पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. जून ते सप्टेंबर गोधडी धुऊ नका. तीन पदरी गोधडी पावसात दोन दिवस ओली राहते आणि आतल्या थराला बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते जात नाहीत.

मशीनमध्ये धुवायची तर एकटीच घाला, गार पाणी, हलकी फेरी. पिळू नका. आडव्या दोन दांड्यांवर पसरून घाला, म्हणजे मधे हवा फिरते. एकाच दांडीवर घातली तर वजनाने मधले टाके ताणतात. रंगीत बाजू आत ठेवा.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या उशीच्या अभ्र्यात. सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा चार लवंगा. वर्षभर एकाच घडीत राहिली तर घडीवर कापड तुटतं, म्हणून दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला घडी बदला. आमच्या धाकट्या आत्याने तिची गोधडी ‘जपून’ माळ्यावर टाकली होती. पावसाळ्यानंतर काढली तर कसरीने पदराचा एक चौकोन चाळणी केला होता. मी रागावले नाही, पण त्याच दिवशी ती तिच्या पलंगावर घालून आले.

देण्याआधी एकदा धुवा, म्हणजे रंगाचं काय होणार ते तुमच्याच घरात कळतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने साल आणि गावाचं नाव घाला. आम्ही पाचही गोधड्यांवर ‘२०२३, लालबाग’ घातलं. सुरतेच्या भावाला पार्सलने पाठवली. धुऊन पूर्ण वाळलेली, कापडात गुंडाळून, वरून प्लॅस्टिक. आणि आत एक चिठ्ठी, कुठलं कापड कोणाचं त्याची.

शेवटचं काम : उरलेल्या चिंध्या टाकू नका. प्रत्येक गोधडीच्या आतल्या-बाहेरच्या कापडाचे दोन-दोन तुकडे, थोडा दोरा आणि एक सुई अशी छोटी पिशवी करा, वर घराचं नाव लिहा. तीन-चार वर्षांनी मानेकडची कड विरेल किंवा कुणाची उदबत्ती पडेल, तेव्हा ठिगळाला तेच कापड, तितकंच धुतलेलं, हाताशी हवं. ठिगळ भोकाहून सगळीकडून दीड इंच मोठं कापा, कडा आत दुमडा, तुरपाई करा आणि मग जुन्या धावदोऱ्याच्या ओळीवरूनच नवा दोरा सगळ्या थरांतून पुढे न्या. माझ्या कपाटात अशा पाच पिशव्या आहेत. काकांची परवाच उघडली. त्यांच्या गोधडीवर त्यांच्याच चहाचा कप सांडला होता आणि काकूंनी डाग काढताना ब्रश इतका घासला की हिरवा चौकोन फाटला. दुसरा हिरवा लावून दिला.